‘म्हणून’ या शब्दाशी अडलेलं पान

वकीलसाहेब,

परवा तुमचा चाळिसावा दिवस झाला. मी आल्तो. मागं दाराजवळ, कोर्टातून घरी आणलेल्या तुमच्या त्या तीन पायांच्या स्टुलावर बसलो. त्याच्यावर पक्षकाराला बसवायची तुम्हाला लाज वाटायची अन् फेकून द्यायला जीव व्हायचा नाही. लोक तुमच्याबद्दल चांगलं बोलून राह्यलेले. इतकं चांगलं, की मला वाटलं आपण दुसऱ्याच कुणाच्या घरी आलो की काय. तुम्ही शांत होता म्हणे. तुमचा आवाज कधी चढला नाही म्हणे. माझ्या टाइप केलेल्या कागदावर शाईची दौत उपडी झाली ती कुणी केली मग? एका वेलांटीपायी अख्खं पान फाटलं ते कुणी फाडलं?  मयताच्या घरी खोटं ऐकून घ्यायचं असतं.

निघताना भाभींनी एक बस्ता हातात दिला, लाल कपड्यात बांधलेला. ‘मराठी हाय, मला वाचता येत न्हाई. तुमचंच असंल,’ म्हणाल्या. आत काय आहे ते मला वजनावरूनच कळलं. दोन वर्षं आपण दोघं ज्या लेखाच्या मागं लागलो होतो, तोच. पण त्यात एक कागद असा निघाला, की जो मी टाइप केलेला नव्हता. त्याच्याबद्दल लिहायलाच मशीनसमोर बसलोय. एकदम त्याच्यावर येता येईना. तुमच्याशी थोडं भांडून घेतो, मग येतो.

तुमच्याकडं मी कसा आलो ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहितो. तुम्हीच सांगायचा, साक्ष पहिल्यापासून सुरू करावी, मधून सुरू केली की वकील धरतो. तुमचे थोरले भाऊ यासीन मास्तर आमच्या गावात शाळा चालवायचे. आम्ही महारवाड्यातले, वर्गात बसायची सोय नव्हती. मास्तरांनी मला ओसरीवर बसवलं अन् स्वतःची खुर्ची उंबऱ्यात ओढून घेतली, म्हणजे आतल्या पोरांनाही शिकवता यावं अन् मलाही. मला अक्षर त्यांनी दिलं. गावात मी दाद्या होतो. दादाराव म्हणणारे ते एकटेच. अट्ठेचाळीस साली निजामावर पोलीस ॲक्शन झाली, त्या भादव्यात मास्तर मारले गेले. पुढं मी औरंगाबादला जाऊन टायपिंग शिकलो, जालन्याच्या कोर्टात झाडाखाली जागा शोधत आलो, अन् कुणीतरी तुमच्याकडं बोट केलं. तुम्ही गाव विचारलं, शाळा विचारली. ‘भाईसाहेबांचे शागीर्द? मंग तिकडं कशाला, इथं बसा.’ अन् कोर्टातल्या तुमच्या खोलीत बसवलंत. अकरा वर्षं.

त्या अकरा वर्षांत तुम्ही मला एकदाही अरेतुरे केलं नाही. बाकीचे वकील ‘ए टाइपवाले’ म्हणायचे. तुम्ही चिडलात तरी ‘दादाराव, आपण गाढव आहात’ म्हणायचा. आपण म्हणायचा. मला त्याचा फार आधार होता, साहेब. हे तुम्हाला तोंडावर सांगायचं राहिलं.

मास्तरांचा विषय निघाला की तुमचं एकच वाक्य असायचं, ‘बांधाचं भांडण होतं.’ मास्तरांनी शाळेच्या पगारातून गावाच्या ओढ्याला लागून एक तुकडा घेतला होता अन् शेजारच्या गणपत आबांनी बांध कोरला म्हणून दोघांची वादावादी झाली होती. आबा चावडीत सगळ्यांसमोर म्हणाले होते, ‘मास्तर, तुम्हाला एक दिवस बघून घेतो.’ चार महिन्यांनी मास्तर गेले. धरपकड झाली नाही, खटला झाला नाही. पण गावानं अन् तुम्ही मनातल्या मनात निकाल देऊन टाकला. आबांनी स्वतः काही केलं नाही, पण बाहेरच्या लोकांना मास्तरांच्या अंगावर घातलं, असं. पंचवीस वर्षं त्या माणसाकडं कुणी सरळ बघितलं नाही. त्यांच्या पोरीची सोयरीक दोनदा मोडली. एकदा ते कोर्टाच्या आवारात तुमच्यासमोर हात जोडून उभे राहिले. तुम्ही तोंड फिरवलंत अन् मला मजकूर सांगायला लागलात. मी खाली मान घालून टाइप करत राहिलो. त्या दिवशी मी एका ओळीत सात चुका केल्या. तुम्ही म्हणालात, ‘तब्येत बरी न्हाई का?’

मग बांगलादेशची लढाई आली. रेडिओवर, पेपरात, जो तो एक इंग्रजी शब्द वापरून राह्यला, जेनोसाइड. औरंगाबादच्या एका साप्ताहिकाच्या संपादकांनी तुम्हाला पत्र टाकलं, या शब्दाचा अर्थ मराठी वाचकाला समजेल असा दोन पानांत सांगा. दोन पानांत. तुम्ही तर हैदराबादला उर्दूत कायदा शिकलेले, मराठी बोलायला फर्डे अन् लिहायला पांगळे. म्हणून मला धरलंत. हैदराबादच्या एका दोस्ताला लिहून तुम्ही त्या जागतिक कराराची इंग्रजी नक्कल मागवलीत. त्यानं ती हातानं उतरून पाठवली. ती घेऊन तुम्ही नव्या जालन्याच्या पोस्टातून चालत आलात, टांगा न करता, वाचत वाचत. समोरून बैलगाडी आली तेव्हा गाडीवानानंच बैल आवरले.

पुढचं साल दुष्काळाचं. पक्षकार खडी फोडायला गेलेले, कोर्ट ओस. आपल्याला दुसरं कामच नव्हतं. सकाळी अकराला तुम्ही यायचा, चष्मा पुसायचा अन् म्हणायचा, ‘हां, कुठं होतो आपण?’

तुम्ही मला तो शब्द कसा जन्मला ते सांगितलंत, ती दुपार मला जशीच्या तशी आठवते. पोलंडमधला एक वकील. विद्यार्थी असताना त्यानं ऐकलं, की तुर्कस्तानात आर्मेनियन लोकांना पहिल्या महायुद्धात गावंच्या गावं हाकलून मारलं, अन् ज्यांनी मारलं त्यांना धरायला जगात कायदाच नाही. एका माणसाला मारलं तर फाशी, अन् अख्ख्या लोकांना मारलं तर तो त्या राज्याचा घरगुती मामला. ‘राज्य म्हणजे मालक अन् रयत म्हणजे त्याच्या खुराड्यातल्या कोंबड्या, असा हिशोब होता तेव्हा,’ तुम्ही म्हणालात. पुढं हिटलरच्या लोकांनी त्याच वकिलाचं जवळजवळ सगळं घर संपवलं. तो जीव घेऊन अमेरिकेला पोचला अन् त्यानं एक शब्द बनवला. अर्धा ग्रीक, अर्धा लॅटिन. कुळ अन् हत्या. मग तो शब्द काखोटीला मारून देशोदेशीच्या वकिलांचे उंबरे झिजवत राहिला. जर्मनीतल्या मोठ्या खटल्यात तो शब्द आरोपपत्रात आला अन् निकालपत्रात आलाच नाही. हे सांगताना तुम्ही हसलात. ‘आरोपात हाय, निकालात न्हाई. कोर्ट कुठलंबी असो, दादाराव.’ अखेर अट्ठेचाळीसच्या डिसेंबरात सगळ्या राष्ट्रांनी मिळून पॅरिसला तो करार मान्य केला.

अन् मग तुम्ही बोटांवर महिने मोजलेत. म्हणालात, ‘भाईसाहेब सप्टेंबरात गेले. कायदा डिसेंबरात आला. तीन महिने.’

मी म्हणालो, ‘मंग साहेब, तो कायदा मास्तरांना लागू…’

‘बिलकुल न्हाई,’ तुम्ही मला तोडलंत. ‘कायदा मागं बघत न्हाई. अन् बघितलं असतं तरी एका माणसाच्या मरणाला एवढा मोठा शब्द लावत नसतात. उद्या लोक साध्या मारामारीलाबी लावतील, अन् मंग खरंच जिथं लावायचा तिथं तो बोथट झालेला असंल. मला शब्द न्हाई लावायचा.’

तेव्हा मला कळलं नाही, तुम्हाला काय लावायचंय ते.

पहिला महिना तर नुसत्या शब्दावर गेला. मी ‘वंशहत्या’ टाइप केलं. तुम्ही चहावाल्या गयाबाईला हाक मारून विचारलंत, ‘बाई, वंशहत्या म्हणजे काय समजता?’ ती म्हणाली, ‘कुणाला तरी पोरगं झालं न्हाई, असंच ना?’ तुम्ही डोक्याला हात लावला. आपल्याकडं वंश म्हटलं की घरातला दिवा, अन् निर्वंश म्हटलं की बायकांच्या तोंडची शिवी. तुम्ही गयाबाईला सगळं समजावून सांगितलंत, की एका घराचं नाही, अख्ख्या जमातीचं. तिनं कप गोळा करता करता ऐकलं अन् म्हणाली, ‘मंग वकीलसाब, सगळेच मेले तर फिर्याद कोण देईल?’

 ती गेल्यावर मला म्हणालात, ‘लिहा. हेच लिहा. एवढ्यासाठीच हा गुन्हा साऱ्या जगाचा केला. फिर्यादी उरत न्हाई, म्हणून.’ ती ओळ अजून पहिल्या पानावर आहे. गयाबाईला तुमच्या जाण्याचं सांगितलं तेव्हा तिनं त्या दिवशीचा स्टोव्ह पेटवला नाही.

मग ‘हत्या’वरून वाद. तुम्ही म्हणालात, करारात पाच कृत्यं आहेत, जिवे मारणं त्यातलं फक्त एक. शरीराला, मनाला भयंकर इजा करणं, जगताच येणार नाही अशा हालात मुद्दाम ठेवणं, मुलं जन्मू न देणं, जन्मलेली मुलं हिसकून दुसऱ्यांत नेणं, हेही तेच. तेव्हा माझं डोकं फिरलं. मी मशीन सोडून उभा राहिलो. तुम्हाला म्हणालो, ‘आमच्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या गावाबाहेर ठेवलं, विहिरीला हात लावू दिला न्हाई, मेलेल्या ढोरावर जगवलं. हे हाल नव्हते? मंग आम्हाला हा शब्द का न्हाई?’

तुम्ही चष्मा काढलात. ‘न्हाई बसत, दादाराव.’

‘का न्हाई बसत?’

‘त्यांना तुम्हाला संपवायचं नव्हतं. राबवायचं होतं. तुम्ही संपले असते तर त्यांची ढोरं कोणी ओढली असती? हा कायदा संपवायच्या इराद्याचा हाय. तुमच्यावर झालं त्याला दुसरा शब्द लागंल. कमी न्हाई, दुसरा.’

मी दोन दिवस आलो नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या घरी आलात. आमच्या बौद्धवाड्यात, पायी, सोबत मशीनची नवी रिबीन घेऊन. माझ्या बायकोनं पाणी दिलं, ते उभ्यानं सगळं प्यालात अन् म्हणालात, ‘मी चुकलो असं म्हणायला न्हाई आलो. पण तुमच्याशिवाय भांडायला मजा येत न्हाई.’ साहेब, तो वाद अजून माझ्या बाजूनं मिटलेला नाही. तुमचं बरोबर असेलही. पण ज्या शब्दात आम्ही बसत नाही त्याच्यावर मी दोन वर्षं घासली, हे तुम्ही लेखात कुठं तरी लिहायला पाहिजे होतं. तळटीप चालली असती.

अन् मग ते पान आलं.

करारातलं दुसरं कलम. एखाद्या राष्ट्राच्या, वंशाच्या, वर्णाच्या वा धर्माच्या समूहाचा, पूर्णतः वा अंशतः नाश करण्याच्या हेतूनं. एवढं झालं. पुढं इंग्रजीत ‘ॲज सच’ असे दोनच छोटे शब्द होते. तुम्ही म्हणालात, याच दोन शब्दांवर सगळा कायदा उभा आहे. माणूस मेला, त्याच्या जमिनीसाठी मेला का, जुन्या अदावतीपायी मेला का, का तो त्या जमातीचा आहे एवढ्याचसाठी मेला. समूहाचा, समूह म्हणूनच नाश. ते दोन शब्द मराठीत कसे आणायचे? ‘त्या नात्याने’ लिहिलं, तर ते सोयरिकीसारखं वाटलं. ‘तद्रूप’ लिहिलं, तर तुम्हीच हसलात.

मी म्हणालो, ‘साहेब, आपल्याकडं सरळ ‘म्हणून’ हाय. समूह म्हणून.’

तुम्ही बराच वेळ तो शब्द तोंडात घोळवलात. मग तुमचा चेहरा उजळला. ‘अरे वा. इंग्रजीत यावर वकील भांडून राह्यले, की हा शब्द ‘त्या रूपात’ असा घ्यायचा का ‘त्या कारणानं’ असा. अन् तुमच्या मराठीत दोन्ही एकाच शब्दात. मुसलमान म्हणून मारलं. मुसलमान या रूपात मारलं, अन् मुसलमान होता या कारणानं मारलं. एकच शब्द.’ तुम्ही मग खुर्चीत मागं टेकलात. ‘हेच मला पाहिजे, दादाराव. मला जेनोसाइड न्हाई पाहिजे. मला भाईसाहेबांच्या बाबतीत फक्त हा ‘म्हणून’ पाहिजे. बांधापायी गेले, का मुसलमान ‘म्हणून’ गेले. एवढं कळलं तरी मी मरायला मोकळा.’

अन् मी गाढव. आपण गाढव आहात, असं तुम्ही बरोबर म्हणायचा. मला शब्द सापडल्याचा इतका आनंद झालेला, की मी समजावून सांगायला लागलो. ‘बराबर साहेब. आता बघा, मारायला आलेल्यांनी नाव विचारलंच न्हाई. यासीन कोण, मास्तर कोण, काही न्हाई. नुसतं मुसलमानाचं घर कोणतं, एवढंच विचारलं. तर मंग ते बांधाचं कसं असंल? ते ‘म्हणून’च.’

तुमचा पेन थांबला.

‘हे तुम्हाला कोणी सांगितलं?’

‘कोणी न्हाई. उदाहरण दिलं.’

‘उदाहरण,’ तुम्ही म्हणालात. मग पेनाला टोपण लावलंत, ‘आज बस करू’ म्हणालात अन् घरी गेलात. अकराला आलेला माणूस बाराला गेला. मी मशीनवर झाकण घातलं अन् तिथंच बसून राहिलो.

त्या दिवसानंतर बांध हा शब्द तुमच्या तोंडातून आला नाही. मी वाट बघत होतो, आज विचारतील, उद्या विचारतील. तुम्ही विचारलं नाही. उलट जास्त मायेनं वागायला लागलात. माझ्या डब्यात तुमच्या डब्यातलं लोणचं यायला लागलं. याचा मला इतका त्रास व्हायचा, साहेब, की ते लोणचं मी तसंच डब्यात घरी न्यायचो.

महिन्याभरानं तिसरं कलम आलं. गुन्हा करणाराच नाही, कट करणारा, चिथावणारा, प्रयत्न करणारा, अन् शेवटी एक शब्द, त्यात हात देणारा. मी ‘मदत’ टाइप केलं. तुम्ही कागद ओढून घेतलात. ‘मदत चांगल्या कामाला असते, दादाराव. वाईट कामाला साथ असते.’ मी खोडरबर घेतलं. तुम्ही खिडकीबाहेर लिंबाकडं बघत हळू आवाजात म्हणालात, ‘पण साथ माहीत असून दिलेली असली पाहिजे. न कळत दिली, जबरदस्तीनं दिली, तर कोर्ट ते बघतं. माणसानं फक्त सांगितलं पाहिजे.’ दार उघडून धरलंत तुम्ही माझ्यासाठी. मला ते कळलंही. मी म्हणालो, ‘रिबीन संपत आलीय, साहेब,’ अन् बदलायला घेतली. चांगली नवी रिबीन होती ती.

गेल्या दिवाळीत गणपत आबा कोर्टात आल्ते. तुम्ही उठून बाहेर गेलात, त्यांना हाताला धरून आत आणलंत अन् त्या स्टुलावर न बसवता स्वतःच्या खुर्चीवर बसवलंत. गयाबाईचा चहा मागवलात.  तुम्ही म्हणालात, ‘आबा, माझ्याकडून गैरसमज झाला असंल तर माफ करा.’ त्यांनी डोळ्याला पदर लावतात तसा उपरण्याचा शेव लावला अन् चहा प्याले. पण साहेब, ‘असंल तर’ म्हणालात तुम्ही. वकील माणूस. पुरावा नव्हता ना हाताशी. तो माझ्याकडं होता, दोन हातांवर बसलेला.

मग तुमचं छातीचं दुखणं. दवाखान्यात भेटायला आलो तेव्हा भाभी बाजूला होत्या. तुम्ही म्हणालात, ‘दादाराव, ते पान अडलंय.’ मी म्हणालो, ‘करतो साहेब, पुरं करतो.’ मला वाटलं, लेखाचं म्हणताय. खरं सांगू? मला तसं वाटलं नव्हतं. तसं वाटून घेतलं.

आता तो कागद. बस्त्यात सगळ्यात खाली होता. तुमच्या हातचा, तुमच्या त्या वाकड्यातिकड्या मराठी अक्षरात. वर मधोमध लिहिलंय, शपथपत्र. खाली, ‘मी, श्री. दादाराव,’ मग वडलांचं नाव, गाव, धर्म बौद्ध, धंदा टंकलेखन, ‘सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की’. अन् पुढं अख्खं पान कोरं. श्री. लिहायलाही विसरला नाहीत. अन् वेलांटी चुकवली आहे, नेहमीसारखी.

मला आधी तुमचा रागच आला. विचारायचं होतं ना. अकरा वर्षं तुमच्या पायाशी बसलेल्या माणसाला एक वेळ दम देऊन विचारलं असतं तर तो तिथंच ओकला असता. तुम्ही साक्षीदाराला एवढी सवलत देऊन ठेवलीत, की तो तुमच्या चाळिसाव्यापर्यंत गप्प बसला. मग रात्र सरली, राग सरला. तुम्ही विचारलं असतं तर तो जबाब झाला असता. तुम्हाला साक्ष माझ्या मनानं दिलेली पाहिजे होती. जबरदस्तीनं आमच्याकडून पुष्कळांनी पुष्कळ काढून घेतलं होतं, तुम्हाला त्यांच्यातला एक व्हायचं नव्हतं. असं मी समजतो. चुकत असेन तर वर आल्यावर भांडू.

त्या साली येसकरकीची पाळी आमच्या घराची होती. येसकराचं काम तुम्हाला ठाऊक आहे. वेशीत बसायचं, परका माणूस आला की घुंगुरकाठी वाजवत त्याच्या पुढं चालायचं अन् तो सांगेल ते घर दाखवायचं. वडील तापानं फणफणलेले, म्हणून काठी माझ्याकडं. मी एकोणीस-वीस वर्षांचा, काही लेकरू नव्हतो. दुपारी दहा-बारा माणसं आली, एकही आमच्या गावचा नाही. पुढच्यानं विचारलं, ‘ए येसकर, मुसलमानाचं घर कोणतं?’ माझंही नाव विचारलं नाही त्यानं. गावात तीन घरं होती, दोन आधीच जालन्याला पळालेली. मास्तर राहिले होते. म्हणायचे, मी यांच्या पोरांना शिकवलंय, मला कोण काय करील.

मी चालायला लागलो. तुम्ही म्हणालात ना, माहीत होतं का, एवढंच कोर्ट विचारतं. माहीत होतं, साहेब. त्यांच्या हातात कुऱ्हाडी होत्या. तपासणीला आलेला माणूस कुऱ्हाड आणत नाही. मी चुकीच्या गल्लीत वळू शकलो असतो. ओढ्याकडं नेऊ शकलो असतो. पाय आपसूक त्या घराकडं गेले, कारण घर विचारलं की दाखवायचं, एवढंच आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या येत होतं. घुंगरं वाजली. मास्तरांनी ती ऐकली अन् सरकारी माणूस आला असं समजून डोक्यावर टोपी घालून बाहेर आले. मला बघून त्यांच्या जिवात जीव आला. म्हणाले, ‘दादाराव, कोण आलंय?’

पुढचं मी बघितलं नाही, पळालो. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा घरातले देव गोदेत सोडले, त्यांच्यासोबत ती काठीही सोडली. देव गेले. घुंगरं गेली नाहीत. मशीनची घंटी ओळ संपल्यावर वाजते ना, अकरा वर्षं मला प्रत्येक ओळीला तिच्यात ती घुंगरं ऐकू येतात.

आज तुमचा कोरा कागद मशीनला लावला. खाली दोन कार्बन घातले. एक प्रत भाभींना, मी स्वतः वाचून दाखवणार. दुसरी गणपत आबांना, चावडीत, गावासमोर. नंतर गाव माझं काय करील ते करो. तिसरी तुमच्या बस्त्यात, अडलेल्या पानाच्या जागी. तिसरी प्रतही स्वच्छ उमटावी म्हणून एकेक अक्षर जोर देऊन मारलं. तुमच्या शेवटच्या ओळीला जोडून, तुम्ही सोडलेल्या जागी एवढंच आलं, बघून घ्या, वेलांट्या तपासल्या आहेत:

सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, आलेल्या लोकांपैकी कुणीही यासीन मास्तरांचं नाव विचारलं नाही. बांधाचा विषय कुणी काढला नाही. गणपत आबांचा यात काही संबंध नव्हता. मास्तरांना मुसलमान म्हणून मारलं. घर मी दाखवलं.